आगाऊ दिलेली साक्ष

१३ जानेवारी, सोमवार

माझ्या खिशात बडीशेप! शर्टाच्या डाव्या खिशात कागदाची पुडी, वर दोऱ्याची गाठ. बावन्न वर्षांच्या, संस्कृत घेऊन एम. ए. झालेल्या, जिल्ह्याच्या दैनिकाला कळमनुरीच्या बातम्या पाठवणाऱ्या गृहस्थावर असा हल्ला व्हावा, हे निंद्य आहे. निषेध पेपरात छापता येत नाही म्हणून इथे नोंदवतो.

बायकोला विचारलं. ‘‘मी न्हाई ठेवली.’’ फार पटकन म्हणाली. सत्तावीस वर्षांच्या संसारात संगितानं इतक्या लवकर कशालाच उत्तर दिलेलं नाही. संशयित क्रमांक एक.

१४ जानेवारी

पुन्हा पुडी.

१५ जानेवारी

मूळ प्रकरण निदान इथे तरी खरं लिहावं. वर्षाच्या शेवटच्या उपासनेत, आमच्या तांड्यावरच्या प्रार्थनाघरात, लोक साक्ष द्यायला उठत होते – प्रभूनं वर्षभरात काय काय केलं ते. कुणाचा ताप उतरला, कुणाची हरवलेली म्हैस सापडली. मीही उठलो. ‘‘येशूच्या कृपेनं माझी तंबाखू सुटली!’’

वस्तुतः ती अजून सुटायची होती. साक्ष झालेल्या गोष्टीची द्यायची असते. मी आगाऊ दिली. कार्यक्रमाची बातमी कार्यक्रमाआधीच पाठवायची सवय, दुसरं काय! टाळ्या. हालेलुया. सहा दिवस पाळलं. सातव्या दिवशी एका उद्घाटनाचे पाहुणे दोन तास उशिरा आले आणि मी तंबाखूचा बार भरला. तेव्हापासून चोरून चालू आहे.

१८ जानेवारी, शनिवार

पास्टर थावरा दारात. आठवड्यात तिसऱ्यांदा!

‘‘प्रेमदासभाऊ, कसं चालून राहिलं?’’

‘‘बराबर.’’

‘‘काई तकलीफ?’’

‘‘कसली?’’

माझ्या तोंडाकडे अजिबात बघत नव्हता. हे विशेष संशयास्पद. निघताना म्हणाला, ‘‘सव्वीसला साक्ष द्या पुना. लोकायला हिंमत येते.’’

सापळा. त्याला कळलंय, आणि भर उपासनेत मला सोलायचा बेत दिसतो.

उंबऱ्यावर परत थांबला. ‘‘एक इचारू? सोडायचं मनात काहून आलं? ते न्हाई सांगितलं तुमी.’’

‘‘देहशुद्धी,’’ मी म्हणालो. संस्कृत शब्द टाकला की लोक पुढे विचारत नाहीत.

२१ जानेवारी

पास्टरचा पाठलाग केला. वार्ताहराचं कर्तव्य! कळमनुरीच्या बाजारात तो एका पानटपरीच्या मागे वळला. सापडला म्हटलं! दबकत गेलो. उकिडवा बसून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचत होता, ओळीखाली बोट सरकवत. अडतिसाव्या वर्षी अक्षरं शिकलेला माणूस.

मला बघून ओशाळला. ‘‘घरी लेकरं हासतेत, म्हून इथं. एका सालात अख्खं वाचीन म्हनलो व्हतो. हे चौथं साल. दर साली त्या बापजाद्यांच्या नावांच्या यादीत जाऊन फसतो.’’

तोंडात बार होता, त्यामुळे मी मोजकंच विचारलं. ‘‘लाज नाही वाटत?’’

‘‘वाटते की. पन लाजून पुस्तक बंद केलं, तर मंग फसलोच ना? आपला प्रभू पान किती झाले इचारत न्हाई भाऊ. आज उघडलं का, येवढंच.’’

वाक्य बरं आहे. माझ्यासाठी तयार ठेवलं असावं.

२५ जानेवारी

उद्या. ताप येतो का बघतोय. येत नाही.

२६ जानेवारी, रविवार

गोलमोल बोलायचं असं ठरवून उठलो. अलंकारिक मजकूर पाठ होता. समोर सगळा तांडा. आणि तोंडातून निघालं ते असं – ‘‘सुटली नाही. ती साक्ष खोटी होती.’’



मग पहिल्या ओळीतून गोजरबाई, तांड्यावरची सगळ्यांत म्हातारी: ‘‘ठावं हाये रे प्रेम्या! बोटाचा चुना काय लपून राहते व्हय? तंबाखूच्या बदली चघळाया बडीशेपीच्या पुड्या मीच देऊन राहिले संगितापाशी. खाल्ल्या का फेकल्या?’’

प्रार्थनाघर हसून लोळलं. संगिता पदरात तोंड घालून. थावरा तेवढा हसला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘‘आज पयला दिस. उद्या पडले, तर परवा पयला दिस. प्रभू कटाळत न्हाई, आमी बी न्हाई. रोज तुमचं नाव घेऊन प्रार्थना करून राहिलो.’’ मग सगळ्यांनी माझ्यासाठी मोठमोठ्यानं प्रार्थना केली.

म्हणजे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं! माझ्यावर पाळत आहे हा माझा संशय खरा निघाला. हे लोक रोज गुडघे टेकून माझं नाव घेत होते, ही बातमी मात्र माझी हुकली.

२७ जानेवारी

दुपारपर्यंत पाळलं. जेवण झालं, बार भरला आणि पडलो.

२८ जानेवारी, मंगळवार

पहिला दिवस.

सोडायचं कारण देहशुद्धी वगैरे काही नाही. दिवाळीपासून माझं तोंड पूर्ण उघडत नाही. गालाच्या आत पांढरा चट्टा आहे. दवाखान्यात गेलेलो नाही. मला कॅन्सरची भीती वाटते, आणि हे मी अजून संगितालाही सांगितलेलं नाही.