पट्टीखालचा नावाडी

प्रिय धाकटे,

बैठकीतल्या चित्रातली ती बाई कोणाकडे बघते, ते अखेर कळलं. त्यावरून आपण किती भांडायचो! पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर ती उभी, हात उंचावलेला, तोंड उघडं आणि नजर चौकटीबाहेर. तू म्हणायचीस, गातेय. मी म्हणायचे, तिचं कोणीतरी बुडतंय. बाबा वर्तमानपत्राआडून म्हणायचे, दाढ दुखत असेल.

परवा त्याची काच तडकली, म्हणून बाबा ते घेऊन माझ्याकडे संग्रहालयात आले. दिवसभर मी परक्यांचे जुने कागद धुते, चिकटवते, पण घरचं चित्र कधी उघडलं नव्हतं. भोवतीचा पुठ्ठा सोडवला, तर चित्राची डावीकडची चार बोटं रुंद पट्टी त्याखाली झाकलेली. आजोबांनी जुन्या बाजारातून आणण्याआधीच कोणीतरी ते अरुंद चौकटीत कोंबलं असावं. त्या पट्टीत एक होडी निघाली आणि होडीत टोपी खाली ओढलेला, वल्हं धरून बसलेला म्हातारा. बाबांनी चष्मा पुसून विचारलं, "हा येतोय की जातोय?"

मलाही राहवेना. पुठ्ठ्याखालीच दडलेल्या खालच्या कडेला एका ऑपेराचं, म्हणजे परदेशी संगीत नाटकाचं, नाव छापलेलं होतं. आमच्या ग्रंथपालबाईंनी त्याचं कथानक शोधून दिलं. तुझंच खरं, ती गातेय. गाण्यापायी घर सोडलेली मुलगी. तिला परत न्यायला बाप होडी घेऊन येतो. तिचा आवाज कानावर पडतो, तसा वल्हं थांबवून ऐकत राहतो. संध्याकाळच्या अंधुक उजेडात ती त्याला नेहमीचा नावाडी समजून हात करते. तो एक अक्षर न बोलता होडी माघारी वळवतो.

"म्हणजे तिला कधीच कळत नाही?" बाबांनी विचारलं.

नाही, म्हटलं. मग बराच वेळ ते त्या म्हाताऱ्याकडे बघत बसले. मी कागद चिकटवायची खळ ढवळत होते. तू घर सोडून गेल्यापासून त्यांनी तुझं नाव काढलेलं नाही, हे तुला मी काय सांगू. तेच बाबा सहज बोलावं तसं म्हणाले, "मी गेलो होतो तिच्या प्रयोगाला. गेल्या हिवाळ्यात. शेवटच्या रांगेत बसलो. पडदा पडल्यावर आत जायचं धाडस होईना, आलो परत." आणि मी समजत होते, ते त्या दिवशी मित्राकडे मुक्कामाला गेले होते.

मी म्हटलं, तिला लिहा. तर म्हणाले, "माझं अक्षर बघून ती पाकीट फोडणार नाही. तूच लिही." म्हणून हे पत्र. ते आत्ता समोर बसलेत. पुढचा प्रयोग कधी आहे, ते विचारायला सांगताहेत. दुसऱ्या गाण्यात तू श्वासाची घाई करतेस, हेही लिही म्हणताहेत. मी म्हटलं, ते तुम्हीच तिला सांगा.

तुझीच,
ताई