दाजींच्या नावाचं रक्त

रांजणगाव, औरंगाबाद
९ फेब्रुवारी २००४

चि. बद्रीनाथास,
द्वारकाअक्काचा आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत असं लिहायला घेतलं आणि हात तिथंच थांबला. फोन करता आला असता, पण तुमच्या गावचा फोन किराणा दुकानात. तू बोलणार आणि अर्धं गाव कान टवकारून उभं राहणार. म्हणून सांडू टेम्पोवाल्याच्या हाती हे पत्र देतेय. एकटा बसून वाच.

हे महिनाभर घरीच आहेत. कंपनीनं कायमची माणसं काढून ठेकेदाराकडून घ्यायला सुरुवात केली तेव्हापासून दर वर्षी ब्रेक, दर वर्षी नवी भरती, नवी तपासणी, हे तुला ठाऊकच आहे. किती ठाऊक आहे ते मला परवा कळालं! पूर्वी हे ड्यूटीवरून आले की दारातूनच चहासाठी आरडाओरडा करायचे. आता चहा पुढ्यात निवून जातो. झोप नाही, ब्लड प्रेशर वाढलेलं, आणि काही विचारलं की अंगावर येतात.

कामावर कधी जाणार विचारलं की म्हणायचे, "ब्रेक लांबलाय." शेवटी ठेकेदाराच्या माणसाला, रामकिसनला, मीच बाजारात गाठलं. तो म्हणाला, "वहिनी, दादांची शुगर लई वाढलीय. तपासणीत नापास झाले. कामावर घ्यावं कसं?"

घरी येऊन साखरेचा डबा माळ्यावर टाकला आणि ह्यांना ओढतच डॉक्टरकडं नेलं. त्यांनी रक्त तपासलं. म्हणाले, प्रेशरची गोळी चालू ठेवा, शुगर बिलकूल नाही. मग काय, मी पदर खोचला. खोटा रिपोर्ट लावून माणसाच्या पोटावर पाय देता का, बघतेच एकेकाला! चप्पल घालत होते तर हे दारात आडवे बसले.

"नको जाऊ. ते रगत माझं नव्हतंच."

"मग कुणाचं व्हतं?"

"बद्रीचं."

मी पायातली चप्पल काढून ठेवली. प्रेशर निघालं तर गेटच्या आत घेणार नाहीत, म्हणून तीन वर्षं ह्यांच्या जागी तू जाऊन हात पुढं करतोस, ह्यांचं नाव सांगतोस! वर माझ्याच हातचं जेवून जातोस आणि बहिणीला पत्ता नाही. आमच्या गल्लीत निम्म्या पुरुषांचं असंच चाललंय म्हणे. भाचा नाहीतर मेव्हणा, गावाकडचा धडधाकट माणूस आणायचा आणि त्याच्या रक्तावर आपली नोकरी टिकवायची. रोज ज्यांना डबा घेऊन जाताना बघते, त्यांच्याकडं आता बघवत नाही.

रिपोर्ट येऊन महिना झालाय, बद्री. मी विचारलं, "माझ्या भावाला सांगितलं का?" हे खाली मान घालून म्हणाले, "कोणत्या तोंडानं सांगू? मी दुसरा माणूस शोधत व्हतो." इतकी वर्षं संसार केला, पण त्या घडीला हा माणूस मला ओळखू आला नाही. नंतर लेकरासारखे रडले. मला संताप आला आणि कीवही आली. ते माझं मी बघीन.

तू तुझं बघ. दिवाळीत कुळवाची लोखंडी पास पायाला लागली, ती जखम अजून ओलीच आहे असं तुझी कारभारीण आवडा म्हणत होती. तांबेच्या तांबे पाणी पितोस. सदरा अंगात लोंबतोय. आम्ही हसलो, म्हटलं राबणारा माणूस, वाळणारच. अरे, ती शुगर तुझी आहे. तुझी! आणि सगळ्यांना कळून तुलाच कुणी सांगितलं नाही.

पत्र मिळताच निघ. आवडालाही घेऊन ये. म्हशींना शेजारचे बघतील. दाजींवर रागवायचं असेल तर इथं समोर बसून पोटभर रागव, मी मध्ये पडणार नाही. डॉक्टरकडं मी सोबत येते. केसपेपर काढताना नाव विचारतील. ह्या वेळी तुझं स्वतःचं सांग.

तुझ्या वाटेकडं डोळे लावून बसलेली,
अक्का