तपासल्याशिवाय द्यायचं नाही

मी, लॉर्ना हॉगस्टाड, वय सत्तेचाळीस, राहणार ॲल्डर फोर्क, मोंटाना, जुन्या बंदुका-पिस्तुलांची खरेदी-विक्री आणि दुरुस्ती करणारी, हे माझ्या हाताने, कोणी भरीस न घालता, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिते आहे. डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप तेवढी नाही. ती गुरुवारी बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. माझा भाऊ डेल हे मात्र काळजीचं कारण आहे, म्हणून लिहिते. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. डेलला होडी, ती ओढून न्यायची गाडी आणि बाबांनी मारलेल्या एल्क सांबराचं भिंतीवरचं डोकं द्यावं. त्याची बायको बर्निस ते डोकं घरात येऊ देणार नाही. तो त्यांचा आपसातला प्रश्न. बाबांच्या गळाच्या काठ्या त्याने मला न विचारता विकल्या. भरपाई मागत नाही. विसरलेही नाही.

२. दुकान, त्यावरचं घर आणि मागची दुरुस्तीची खोली केल्सी प्रायर हिला द्यावी. विक्रीचा परवाना मृत्युपत्राने देता येत नाही. तिने स्वतःचा अर्ज केला आहे.

डेलचं म्हणणं, "परकी पोर ती, लॉर्ना. कालपरवा आली. दुकान विकून टाक, फ्लोरिडाला जा, गुडघे शेक."

कालपरवा नाही, सहा वर्षं झाली. ती कशी आली हे मी केल्सीला विचारून लिहिते आहे. ती म्हणाली, "लिहा. कुणाच्या तरी कामी येईल."

बर्फ वितळून रस्त्यावर चिखल झाला होता. केल्सी आत आली, काचेखालच्या एका जुन्या पिस्तुलाकडे बोट केलं. "हे द्या."

"हातात तरी घे."

"नको. चालतं ना?"

"या बनावटीचं कधी वापरलंयस?"

"नाही. फरक पडत नाही."

आमच्याकडे लोक पिस्तूल घेतात ते घोडा घेतल्यासारखं. दात बघतात, खूर बघतात, मालकाच्या तोंडाकडे बघतात. घासाघीस करतात, नावं ठेवतात, निघून जातात, परत येतात. ज्याला ती वस्तू वर्षानुवर्षं वापरायची असते तो असंच करतो. या पोरीला काहीच बघायचं नव्हतं.

"तपासल्याशिवाय माझ्या काउंटरवरून काही जात नाही," मी म्हटलं. असा नियम दुकानात नव्हता. त्या घटकेला केला.

"मला काही कळत नाही त्यातलं, मॅडम."

"मग शीक. माझी दुपार मोकळी आहे."

मी पिस्तूल उघडून, रिकामं दाखवून तिच्या हातात दिलं. "आता तू बघ."

"तुम्ही आत्ताच बघितलंत की!"

"मी बघितलं ते माझ्यापुरतं. हातात आलं की ज्याने त्याने पुन्हा बघायचं. यात कुणाचा अपमान नसतो."

तिने बघितलं. मग मी तिला नळीत पांढऱ्या कागदाचा उजेड टाकून आतून बघायला लावलं. कुठे गोल कडं उमटलेलं दिसलं तर नळी फुगलेली असते. तसं नव्हतं. मग तिने पिस्तुलाची मूठ फिरवून बघितली आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात जीव आला.

"याच्या स्क्रूची डोकी कुरतडल्यासारखी का झालीत? घरी उघडलंय हे कुणीतरी. चुकीच्या पेचकसाने."

मी इतक्या वर्षांची दुकानदार. माझ्या नजरेतून ते निसटलं होतं. उघडलं, तर चाप हलका व्हावा म्हणून आतली स्प्रिंग कापून आखूड केलेली. गोळी चुकून सुटू नये म्हणून असते ती सेफ्टी लागत होती, पण धरत नव्हती.

"हे आज विकता येत नाही," मी म्हटलं. "नवी स्प्रिंग मागवते. मंगळवारी ये."

ती तशीच उभी राहिली. मग मी दुकानाला कुलूप लावलं, तिला शेजारी इर्माच्या खानावळीत नेलं, गरम सूप मागवलं आणि सरळ विचारलं, "पोरी, स्वतःला संपवायला घेत होतीस का?"

इर्माने काही न विचारता सूप दुसऱ्यांदा गरम करून आणलं. केल्सी रडली, खूप वेळ. त्या हिवाळ्यात तिच्यावर काय गुदरलं ते तिचं आहे. इथे लिहीत नाही. तिच्या मावशीला फोन केला. मावशी येईपर्यंत आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना बसून होतो. दुसऱ्या दिवशी मावशी तिला डॉक्टरकडे घेऊन गेली.

मंगळवारी ती आली. स्प्रिंग आली नव्हती. पुढच्या मंगळवारी आली, तेव्हा मी तिच्या हातात पेचकस दिला. आज मुलूखभरचे लोक दुरुस्तीसाठी तिचं नाव घेऊन येतात.

३. दुकान देण्याची अट एकच. प्रत्येक गिऱ्हाइकाकडून माल नीट तपासून घ्यावा, आणि ज्याला तपासायचंच नाही त्याला त्या दिवशी विकू नये. त्याच्यापाशी बसावं आणि विचारायचं ते विचारावं. डेल म्हणेल, ही काय शिकवणी आहे? आहे.

४. ते पिस्तूल मागच्या खोलीत उघडं पडलं आहे. नवी स्प्रिंग केव्हाच आली. मी बसवली नाही, आणि केल्सीनेही कधी विचारलं नाही. त्याचं काय करायचं ते तिने ठरवावं.

५. माझं कुत्रं इर्माला. तिने आधीच पळवल्यासारखं केलं आहे.

दुकान तुला देते आहे, असं आज सकाळी केल्सीला सांगितलं. तिने हातातलं काम खाली ठेवलं नाही.

"गुरुवारी ऑपरेशन," ती म्हणाली. "घरी कधी सोडतात?"

"सगळं नीट झालं तर मंगळवारी."

"मग दुकान आज मिळणार नाही, मॅडम. झडप मागवलीय. मंगळवारी या."

मंगळवारी दुकानात परत जायचा माझा बेत आहे. तो फसला तरच वरचं सगळं अमलात आणावं. अंमलबजावणी इर्मा टॉलेफसन करील. हे वाचून, समजून, सही करते.

लॉर्ना हॉगस्टाड
ॲल्डर फोर्क, मोंटाना
१८ एप्रिल २०१७, मंगळवार

आमच्यासमोर सही झाली, आणि सही करताना ती हसत होती:
१. इर्मा टॉलेफसन, खानावळ (कुत्र्याबद्दलचं कलम मला मंजूर नाही, ते आधीपासून माझंच आहे. लॉर्ना म्हणते, मग कलम ५ रद्द.)
२. रॉस्को बीम, टपालवाला