न कळता म्हटलेलं 'यस'

ती. आईस,
तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

मी बरी आहे, पोटभर जेवते. रविवारी इंग्रजीच्या वर्गालाही जाते. तुझे गुडघे कसे आहेत?

आई, एक गोष्ट मनाला खातेय. धुलाईघरात माझ्या शेजारी इस्त्री करणाऱ्या मावशींनी मला हाताला धरून काम शिकवलं. मागच्या आठवड्यात एक चादर जळली. मुकादमाने इंग्रजीत काहीतरी विचारलं. कळलं नाही, तरी सवयीने मी 'यस' म्हणाले. 'मावशींनी जाळली का?' असं तो विचारत होता, हे त्यांना घरी पाठवल्यावर कळलं.

मग वर्गातल्या बाईंकडून एक वाक्य शिकून घेतलं, घोकलं आणि मुकादमासमोर उभी राहिले. "सॉरी सर, आय डिड नॉट अंडरस्टँड." ज्यामुळे चादर जळली, ते इस्त्रीचं बिघडलेलं बटण हातवारे करून दाखवलं. त्याने मावशींना परत बोलावलं.

पण त्या आता जेवायला दुसऱ्या टेबलावर बसतात. त्यांची भाषा मला येत नाही, आणि 'सॉरी'च्या पुढचं इंग्रजीही येत नाही. म्हणून रोज डबा घेऊन त्यांच्याजवळ नुसती उभी राहते. काल त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलली. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

बाबांना यातलं सांगू नकोस. गोळ्या वेळेवर घे.

तुझी,
धाकटी