दोनदा हजर

मार्ग. शु. ८, गुरुवार
आलं: टी.व्ही. एक, रु. १४,५००, शोभाने भरले (लेकीकडून घेणं बरं नाही वाटत, पण जुना पारच गेलता). गुळाचा एक किलोचा रवा (लहान ढेप), रु. ६०, ह्यांच्यासाठी. पेढे दत्तजयंतीला वाडीतच घेईन.
मला गूळ वर्ज्य. पन्नास वर्षं झाली. लग्नानंतरच्या पहिल्या दत्तजयंतीला वाडीच्या घाटावर सोडला. लढाईत शत्रूच्या छावणीतून ह्यांना भुयारातून बाहेर काढलंस महाराजा, म्हणून.

शु. ९, शुक्रवार
शोभा वारणानगरहून राहायला आलीय. दुपारी लढाईचा पिक्चर लागला. जुना, गोऱ्या शिपायांचा, बोलणं हिंदीत. कैदी छावणीतून पळायचा बेत करतात. म्हटलं ह्यांना आवडेल, हाक मारली. येऊन जरा उभे राहिले. "डोळं दुखत्यात," म्हणून आत जाऊन पडले.
मी शेंगा फोडत बघत बसले. चुलीखाली खणतात. माती चहाच्या किटलीतून नेऊन भाजीच्या वाफ्यात टाकतात. खणल्याचा आवाज जाऊ नये म्हणून बाकीचे मोठ्यानं गातात. एकजण लंगडा. त्याला पळता येत नाही, तो मागे राहतो. आणि सकाळच्या हजेरीला स्वतःच्या नावाला "हजर" म्हणून झाल्यावर आवाज बदलून मित्राच्या नावालाही "हजर" म्हणतो.
सूप मांडीवरून घसरलं.
किटली ह्यांच्या गोष्टीतली. वाफा ह्यांचा. ह्यांच्या सांगण्यात दत्ताची आरती म्हणायचे, इथं चर्चमधलं गाणं, एवढाच फरक. आणि तो लंगडा म्हणजे निपाणीकडचे शिवाप्पाअण्णा, ह्यांचे पलटणीतले मित्र.

शु. १०, शनिवार
चहाला विचारलं. हसले. "अगं, पिक्चरवाल्यांनी आमचंच उचललं असणार की."
मला पटलं. जीव भांड्यात पडला.
शोभा मोबाईल बघत होती. म्हणाली, "आबा, ह्यो पिक्चर तुमच्या लढाईच्या बी आधीचा हाय."
हे बशीत चहा ओतत राहिले. बशी भरून वाहिली तरी ओतत राहिले.
"पलटणीत पडद्यावर पिक्चर दाखवायचे का हो?"
"दाखवायचे."


शु. ११, रविवार, एकादशी
उपास. जपात मन नाही.
शोभाच्या लग्नात शिवाप्पाअण्णा आलते. त्यांना तेव्हा एकदाच पाहिलं. आहेराचा हंडा खांद्यावर घेऊन कार्यालयाचा जिना चढले, ताठ. मी विचारलं, "पाय बरा झाला वाटतं, अण्णा?" त्यांनी आधी ह्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "व्हय वैनी, देवाची कृपा."
ते पाहणं आज आठवतंय. इतकी वर्षं कुठं होतं.

दर सव्वीस जानेवारीला गल्लीतल्या शाळेत हे ही गोष्ट सांगतात, हार घालून घेतात. ते जाऊ दे. पण होळीला, पाडव्याला घरात पुरण शिजायचं, आणि मी बिनगुळाच्या कटाच्या आमटीशी कोरी चपाती खायची. हे समोर बसून पोळीवर तूप घ्यायचे. एकदासुद्धा म्हणाले नाहीत, बाई, तू…

शु. १३, मंगळवार
शोभा काल गेली. आज आम्ही दोघंच.
"कैदेत होता की नाही, ते तरी सांगा."
"होतो. तेवढं खरं हाय."
"मग सुटलात कसे?"
"सुटलो कसंतरी. नवं लग्न, तू डोळं मोठं करून ऐकत बसायचीस…" मग चिडले. "येवढं लागलंय मनाला तर खा की गूळ. कुणी धरलंय?"
मी रव्याला हात लावला नाही. म्हणाले, "माझा भरवसा न्हाय तर शिवाप्पाला इचार."
"विचारते. पत्ता द्या."
दिला नाही. आहेराच्या वहीत सापडला, हंड्याच्या पुढं, माझ्याच अक्षरात.

पौर्णिमा, गुरुवार, दत्तजयंती
सकाळी हे टोपी घालून दारात उभे. "चल की, एस.टी. जाईल."
"काय म्हणून हात जोडू?"
 मग एकटेच गेले. पन्नास वर्षांत वाडी पहिल्यांदा चुकली. पाळणा घरीच हलवला. महाराजांना सांगितलं, तुम्हाला सगळं माहीत होतं, तुम्ही तरी.
संध्याकाळी पेढ्यांचा पुडा माझ्यापुढं ठेवला. "शिवाप्पाला पत्र नको घालू," म्हणाले. हळू. "म्हातारा झालाय तो."

वद्य १, शुक्रवार
पत्र टाकलं. नक्कल इथं ठेवते.

ती. शिवाप्पाअण्णांस,
सा. न. वि. वि. इकडे सर्व ठीक. एकच विचारायचं आहे. ह्यांच्या सुटकेपायी मी दत्तमहाराजांपुढे गूळ सोडला. तुम्हाला ठाऊक आहे का, ते माहीत नाही. रवा अजून तसाच बांधलेला आहे. सोडलेलं पाळायचं की महाराजांची माफी मागायची, हे मला ठरवायचं आहे. आणि ह्या घरात कुणाचं ऐकायचं, तेही. तुम्ही तिथं होता. ह्यांनी भुयार खणलं का? तुमचा पाय कधी लंगडा होता का? शोभाच्या लग्नात तुम्ही माझ्यासमोर ह्यांच्या नावाला हजर म्हणालात असं मला वाटतं. चुकत असेन तर पाया पडते. पण आता पुन्हा म्हणू नका. तुमच्यापुरतं जे खरं असेल तेवढंच, दोन ओळी, उलट टपाली कळवा.