पालखीच्या वाटेतली भिंत

२ फेब्रुवारी, रविवार
संताप. महिपतदादाच्या कोंबड्या आज पुन्हा आमच्या अंगणात. वाळत घातलेले उडीद पार विस्कटले, वर घाण. सहा दिवस गिरणीत राबायचं, दुसऱ्यांची पिठं नाकातोंडात घ्यायची आणि सातव्या दिवशी चुलतभावाच्या कोंबड्या हाकायच्या! या घरात काम करणारा माणूस एकच, तो मी.
सांगायला गेलो. महिपतदादा मुंबईहून रिटायर होऊन आलाय, हौस म्हणून कोंबड्या पाळतो. म्हणाला, संदेश, कोंबडीला सातबारा वाचता येत नाही. आणि हसला. मालनवहिनीपण हसली.
ठरलं. दोन अंगणांच्या मधोमध चिऱ्याची भिंत. गवंडी नको, मी स्वतः बांधणार.
दुसरा संकल्प : चिडायचं नाही. डॉक्टरांनी बजावलंय.

५ फेब्रुवारी, सकाळी ७
चिरे उतरले. टेम्पोवाल्याने विचारलं, गवंडी कोण? म्हटलं, समोर उभा आहे. त्याने चिऱ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. इम्प्रेस झाला असावा.
दीपालीची कटकट सुरू. म्हणे आधी गावकारांना, गावच्या मानकऱ्यांना, विचारा, पालखीची वाट तिथूनच आहे. बायकोने मला गावची रीत शिकवावी! शिमग्यात देवीची पालखी महिपतदादाच्या अंगणातून सरळ आमच्या अंगणात उतरते, हे मला जन्मापासून माहीत आहे. पण आता पुढची पाखाडी, रस्त्यावरून फाटकाकडे येणारी पायवाट, सिमेंटची झालीय. पालखी तिथून येईल. देवीलाही चालायला बरं.
म्हणाली, निदान मध्ये एक खिंड ठेवा. पालखीला खिंड ठेवली की ती कोंबड्यांनाही होते. एवढं साधं लॉजिक घरात कोणाला कळत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
दोन थर पूर्ण. कंबर मोडली. आई खिडकीतून बघत होती. दिवाळीत पडली, खुब्याचं हाड गेलं, तेव्हापासून तिने उंबरा ओलांडलेला नाही. म्हणाली, पालखीच्या आधी काढशील ना रे हे?
आईचं एक बरं आहे, ती ओरडत नाही. चौऱ्याऐंशी वय. दरवर्षी सहाणेवर, पालखी बसते तिथे, स्वतः चालत जायची. यंदा ते होणार नाही. पालखी दारात आली तरच तिला देवी दिसणार. पुढच्या वर्षाचं कोणी सांगितलंय, असं ती सारखी म्हणते.
शब्द दिला. म्हटलं, पालखी तुझ्या खुर्चीसमोर आणून नाचवतो. भिंतही तिच्यासाठीच आहे, कोंबड्यांची घाण तिच्याच खिडकीखाली असते. पण माझं करणं कोणाला दिसतंय!

१३ फेब्रुवारी
लोक गिरणीत दळण घेऊन येतात की सल्ले? हिराकाकू तांदूळ ठेवायच्या आधीच म्हणाली, पालखीची वाट बांधू नये रे बाबा. म्हटलं, पीठ बारीक हवं की जाड, तेवढंच बोला. चौथ्या माणसाला डबा परत दिला. पाचवा दारातूनच वळला, सरळ दुसऱ्या गिरणीवर.
जाऊ दे. गर्दी कमी झाली की भिंतीला वेळ मिळतो.
रागावर बराच कंट्रोल आहे. आज फक्त तीनदा.

१६ फेब्रुवारी, रविवार
भिंत साडेपाच फूट. कोंबड्या उडतात, हे लक्षात घेऊन. मी पाच-तीन, त्यामुळे पलीकडचं काही दिसत नाही. छान. महिपतदादाचं तोंड दिसत नाही हा वेगळा फायदा.
समीक्षाची बारावीची परीक्षा चालू आहे, तरी लक्ष खिडकीबाहेर. विचारते, बाबा, ओळंबा लावला होतात का, भिंतीचं पोट पुढे आलंय. म्हटलं, फिजिक्सचा अभ्यास कर. तर म्हणे, तोच करतेय.
पोरगी आईवर गेलीय.

२० फेब्रुवारी
मालनवहिनी रोज सकाळी अंगणातून सरळ यायची, आईच्या पायाला तेल चोळायची, दोघी तासभर गप्पा मारायच्या. आता रस्त्याने वळसा पडतो, चढ आहे, वहिनीचे गुडघे धरलेत. तीन दिवस फिरकली नाही. बघा! एका भिंतीने आटला तो कसला जिव्हाळा?
मीच तेल चोळलं. आई कळवळली. म्हणाली, बाबा, तू गिरणीत जा.
एवढं करून हे ऐकायचं.

२ मार्च, रविवार
रीतसर अर्ज केला. रघूतात्या आमचे गावकार, पालखीपुढे गाऱ्हाणंही, म्हणजे देवीकडे गावाचं मागणं, तेच घालतात. अर्जात पालखीचा नवा मार्ग, मोबाईलवरच्या नकाशाची प्रिंट, लाल पेनाने बाण. तात्यांनी चष्मा लावून वाचला, घडी घातली, खिशात ठेवला आणि विचारलं, माझं घावन्याचं पीठ झालं का?
नाही म्हणाले नाहीत. म्हणजे मंजूर.
दीपालीला सांगितलं. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. हरल्यावर माणूस असाच बघतो.

९ मार्च, रविवार
कोंबड्या पाखाडीने आल्या. फाटकातून. कोंबडा पुढे, बाकीच्या मागे रांगेत. समीक्षा म्हणाली, बाबा, तुमचा नवा मार्ग यांना तरी पटला.
मेल्या कोंबड्या! फाटकाला उद्या जाळी.

१४ मार्च
काल होळी लागली. आमच्या वाडीत पालखी गुरुवारी.
महिपतदादा आज स्वतः आला, वळसा घालून, घामाघूम. म्हणाला, चार चिरे काढू, मी काढतो, शिमगा झाला की मीच परत लावून देतो. काकीसाठी तरी ऐक. वर म्हणाला, कोंबड्या पण विकून टाकतो, देवरूखच्या बाजारात गिऱ्हाईक बघून ठेवलंय.
घाबरला! दीड महिन्याच्या मेहनतीचं हे फळ. आता मागे हटलो तर मूर्ख ठरेन. सांगितलं, एक चिरासुद्धा हलणार नाही, देवी माझ्या फाटकातून येईल. तो आईच्या पायांशी थोडा वेळ बसला आणि गेला.
दीपाली दिवसभर माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. घरात कशी शांतता आहे. कर्त्या पुरुषाचा धाक लागतो.

२० मार्च, गुरुवार, सकाळी ८
तयारी फर्स्ट क्लास. पाखाडी पाण्याने धुतली, जाळी काढली, फाटकाला केळीचे खांब, रांगोळी समीक्षाकडून दटावून काढून घेतली. आई नवं लुगडं नेसून पुढच्या दारात खुर्चीवर. ओटीचं ताट मांडीवर घट्ट धरलंय. सकाळपासून चहाही घेतला नाही, म्हणते देवी येऊन गेल्यावर.
सगळं एकट्याने केलं. लिहून ठेवतो, नंतर कोणाला आठवत नाही.

२० मार्च, संध्याकाळी ५
चीड. चीड. चीड.
अकराला ढोल ऐकू आला. पालखी महिपतदादाच्या अंगणात नाचली. मी फाटकात नारळ घेऊन उभा. ढोल पुढे आला आणि भिंतीपलीकडे थांबला. रघूतात्यांनी पलीकडून हाक मारली, संदेश, वाट मोकळी कर. मी भिंतीपाशी जाऊन ओरडून सांगितलं, पाखाडीने या, अर्ज दिलाय! तात्या म्हणाले, देवी आल्या वाटेने मागे फिरत नाही, अर्ज तिने वाचलेला नाही. चार पोरं पहारी घेऊन तयार आहेत, दहा मिनिटांचं काम, हो म्हण.
हो म्हणायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण तेवढ्यात पलीकडे कोणीतरी फिसकन हसलं आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, माझ्या घामाची भिंत आहे, हात लावाल तर याद राखा. यायचं तर फाटकातून, नाहीतर जा!
तात्या म्हणाले, बरं.
मागे वळलो. दारात आई नाही. खुर्चीपण नाही. पाखाडीवर बघतो तर महिपतदादा आणि वाडीतला भावेश आईला खुर्चीसकट उचलून चाललेत, समीक्षाने मागून पाठ धरलीय, दीपालीच्या हातात ओटीचं ताट. एकीनेही मला विचारलं नाही. आईनेही नाही.
घमेलं पालथं घालून त्यावर चढलो, तेव्हा कुठे डोळे भिंतीवर आले. भोयांनी पालखी पार आईच्या मांडीपर्यंत वाकवली होती. आईने ओटी भरली. दोन्ही हात पालखीच्या दांडीवर ठेवून हमसून हमसून रडली. मालनवहिनी तिचे डोळे पुसत होती. ते काम माझं होतं.
खाली उतरलो. भिंतीला टेकून बसलो, म्हणजे कोणाला दिसायला नको. सगळ्यांचा राग आला होता.
पलीकडे तात्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं. या म्हातारीच्या पायात बळ घाल. सगळा गाव, व्हय म्हाराजा! हिच्या नातीला परीक्षेत यश दे. व्हय म्हाराजा! गाऱ्हाण्याला हे म्हणायचंच असतं. चार वर्षांचा असल्यापासून म्हणतोय, तात्यांचा आवाज चढला की तोंडातून आपोआप निघतं, डोकं मध्ये येत नाही. मग तात्या म्हणाले, हिचा एकुलता लेक कष्टाळू आहे, पण रागाने आंधळा झालाय, त्याला काडीची अक्कल राहिलेली नाही, ती त्याला दे.
व्हय म्हाराजा! मी ओरडलो. सगळ्यात मोठ्याने. आणि एकटाच, कारण पलीकडे बाकीचे भिंतीकडे बघत गप्प राहिले होते.
मग सगळी वाडी हसत सुटली. त्यात आईचं हसू मला वेगळं ऐकू आलं. दिवाळीनंतर पहिल्यांदा.