खोडायला सांगितलेला ठिपका

मी, रोझविटा प्रेख्टल, वय एक्याऐंशी, निवृत्त खगोलशास्त्रज्ञ, राहणार म्युनिकजवळचं गार्शिंग, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी मागे न लागता हे स्वतःच्या हातानं लिहिते आहे. गुडघे गेले, उमेदही फारशी उरलेली नाही, म्हणून थोडक्यात.

कलम १. राहतं घर व बँकेतली शिल्लक भाची गुद्रुन हिला द्यावी. तिच्या भावाला काही देऊ नये. त्यानं मला जन्मभर 'ज्योतिषीण आत्या' म्हटलं.

कलम २. दारामागे मी छत्र्या ठेवते ते सोन्याचा मुलामा दिलेलं नळकांडं आमच्या दुर्बिणीच्या आरशाचा नमुना आहे. क्ष-किरण आरशावर समोरून आदळले तर परतत नाहीत. तळ्यावर भिरकावलेल्या चपट्या दगडासारखे घासून जाऊ द्यावे लागतात, म्हणून तो आकार. भंगारात न घालता गावच्या शाळेला द्यावं.

कलम ३. क्ष-किरण हवेतून खाली पोचत नाहीत, म्हणून आमची दुर्बीण पृथ्वीभोवती फिरत असे. एका शांत दीर्घिकेच्या मध्यावर तिनं एकाएकी झगझगीत ठिपका टिपला. कृष्णविवरानं तारा फाडून गिळला, असं माझं म्हणणं. आमचे प्रमुख डॉ. एकहार्ट लोडेर म्हणाले, "प्रेख्टलबाई, यंत्राचा दोष आहे. खोडा तो."

"खोडायला तो काय शाईचा डाग आहे?"

त्यांनी माझा शोधनिबंध अडवला; मी ठिपका नोंदीत ठेवला. पुढे नव्या दुर्बिणीनं तिथे पाहिलं, तर उजेड जवळजवळ विझलेला. म्हणजे यंत्राचा दोष नव्हता; कृष्णविवराचं जेवण उरकलं होतं. तेव्हा लोडेरसाहेब व्यासपीठावरून "माझा शोध" म्हणाले. मी पहिल्या रांगेत टाळ्या वाजवल्या. तो शीण अजून गेलेला नाही.

कलम ४. लोडेर कुटुंबाला माझ्या अंत्यविधीला येऊ देऊ नये, असं आधीच्या मृत्युपत्रात लिहिलं होतं. ते रद्द समजावं. गेल्या उन्हाळ्यात गुद्रुननं मला बळंच लोडेरसाहेब राहतात त्या वृद्धाश्रमात नेलं. साहेबांनी मला ओळखलं नाही. खुर्ची पुढे केली, म्हणाले, "बसा बाई. आमच्याकडे एक हट्टी बाई होती. मी खोडा म्हटलं, तिनं ऐकलं नाही. शोध तिचा होता हो. आता कुठे असते कोण जाणे."

"भेटली तर सांगते," मी म्हटलं.

ते आले तर त्यांना पुढे बसवावं. पेटीत कोण आहे म्हणून विचारतील. ओळखीची बाई, एवढंच सांगावं.

इथल्या कायद्याला माझं हस्ताक्षर पुरतं. साक्षीदार मला हवे होते, कॉफीला सोबत म्हणून.

सही: रोझविटा प्रेख्टल
साक्षीदार: गुल्तेन अक्सोय, शेजारीण; लेओनहार्ट श्टेटनर, बेकरीवाले
गार्शिंग, ९ नोव्हेंबर २०२३